मांजराचा मधुमेह आणि घरातील इन्शुलिन

मधुमेह हा केवळ मनुष्याचा रोग आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः कुत्रा, मांजर इत्यादी घरात वावरणाऱ्या प्राण्यांनाही तो जडतो. मांजराच्या बाबतीत तर त्याचे स्वरूप प्रौढ वयात माणसाला होणाऱ्या मधुमेहाशी आश्चर्य वाटावे इतके मिळतेजुळते असते. योग्य उपचार मिळाल्यास असे मांजर पुढे कित्येक वर्षे सुखाने जगू शकते. परंतु हे उपचार दिवसातून दोनदा, प्रत्यही, घरातल्या माणसांनाच करावे लागतात. रुग्णाला बोलता येत नाही. आपल्याला चक्कर येते आहे, हातपाय गळून गेले आहेत, हे तो सांगू शकत नाही. त्यामुळे शुश्रूषा करणाऱ्याने रोगामागील कारणपरंपरा समजून घेणे येथे विशेष अगत्याचे ठरते. प्रस्तुत पुस्तिकेचा उद्देश हाच आहे. पशुवैद्याचा सल्ला हा सर्व उपचारांचा पाया होय. त्या सल्ल्यामागील हेतू वाचकास उमगावा आणि तो अचूकपणे अमलात यावा, एवढ्याचसाठी पुढील विवेचन केले आहे.

इन्शुलिनचे कार्य

अन्नाचे पचन झाल्यावर त्यातून निर्माण होणारी ग्लुकोज नावाची शर्करा रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. स्नायू आणि चरबीच्या पेशींना ही शर्करा आपणहून पुरेशी आत घेता येत नाही. त्यासाठी इन्शुलिन हा अंतःस्राव लागतो. कुलपाला किल्ली लागावी तसे इन्शुलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ठराविक जागी बसते आणि शर्करेला आत जाण्याची वाट मोकळी होते. यकृताकडून होणाऱ्या शर्करेच्या निर्मितीलाही ते लगाम घालते. इन्शुलिनचा पुरवठा तोकडा पडला, अथवा पेशी त्यास दाद देईनाशा झाल्या, म्हणजे रक्तात शर्करा साठत जाते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. भरल्या कोठारापाशी उपासमार घडावी, तशी ही अवस्था असते.

इन्शुलिनचा उगम स्वादुपिंडात आहे, याचा सुगावा प्रथम लागला तो १८८९ साली. फोन मेरिंग आणि मिंकोव्हस्की या दोन शास्त्रज्ञांनी स्ट्रासबुर्ग येथे एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्यास मधुमेह झाला. पुढे १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क तयार केला, कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये तो प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचण्यात आला. १९२३ चे नोबेल पारितोषिक या शोधासाठी बँटिंग आणि मॅक्लाउड यांना देण्यात आले. इन्शुलिनचा रेणू ५१ अमिनो आम्लांचा बनलेला असतो. मांजराचे इन्शुलिन गाईच्या इन्शुलिनहून केवळ एका अमिनो आम्लाने, डुकराच्या इन्शुलिनहून तिहींनी आणि मानवी इन्शुलिनहून चारांनी वेगळे असते. हे अंतर इतके थोडे असल्यामुळेच माणसासाठी तयार केलेले इन्शुलिन मांजराच्या शरीरातही आपले काम चोख बजावते.

मांजराला हा रोग का होतो

मधुमेही मांजरांपैकी बहुसंख्य मध्यम वा उतारवयातील असतात. नसबंदी केलेले, घराबाहेर फारसे न पडणारे आणि अंगाने सुटलेले बोके त्यांत विशेषेकरून आढळतात. लठ्ठपणामुळे पेशी इन्शुलिनला जुमानीनाशा होतात; ही उणीव भरून काढण्यासाठी स्वादुपिंडाला जास्त राबावे लागते. याच सुमारास इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींच्या बेटांमध्ये अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचू लागतात. हे थर मांजरात आणि माणसात आढळतात, कुत्र्याच्या मधुमेहात आढळत नाहीत. म्हणूनच मांजराचा मधुमेह माणसाच्या मधुमेहाला अधिक जवळचा मानला जातो. खाज, दमा इत्यादी विकारांवर दीर्घकाळ दिलेली स्टिरॉइड औषधे, स्वादुपिंडाचा दाह आणि वाढीच्या अंतःस्रावाचा अतिरेक ही आणखी काही कारणे होत.

लक्षणे व निदान

रक्तातील शर्करा एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे मूत्रपिंडांना ती थोपवून धरता येत नाही आणि ती लघवीवाटे बाहेर पडू लागते. माणसात ही मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १८० मिलिग्रॅम एवढी असते. मांजरात ती बरीच वरची, सुमारे २५० च्या पुढची असते. (यापुढे शर्करेचे जे आकडे येतील ते सर्व याच मापाचे समजावेत.) शर्करा बाहेर पडताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. साहजिकच मांजर वारंवार व पुष्कळ लघवी करते आणि त्यापायी सारखे पाणी पिते. मातीच्या तबकातील गोळे नेहमीपेक्षा मोठे होऊ लागणे, पाण्याचे भांडे दुपारीच रिकामे होणे, भूक वाढूनही मांजर वाळत जाणे, या गोष्टी प्रथम घरातील माणसांच्याच ध्यानी येतात. मांजर दिवसाकाठी वजनाच्या दर किलोग्रॅममागे १०० मिलिलिटरांहून अधिक पाणी पीत असेल, तर ती तहान निश्चितच रोगाची समजावी. काही मांजरांच्या मागील पायांच्या नसा दुबळ्या होतात. अशी मांजरे पंजांवर न चालता घोटा जमिनीला टेकवून चालू लागतात आणि पूर्वी सहज गाठत असलेल्या उंचीवर उडी मारण्याचे टाळतात.

निदानाच्या बाबतीत मांजराची एक खोड ध्यानात ठेवणे अवश्य आहे. निरोगी मांजराची रक्तशर्करा साधारणतः ७० ते १५० यांच्या दरम्यान असते. परंतु दवाखान्यातला प्रवास, अनोळखी हात आणि कुत्र्यांचे भुंकणे यांनी घाबरलेल्या मांजराची शर्करा, मधुमेह मुळीच नसताना, ३०० च्याही वर चढू शकते. यास्तव दवाखान्यातील एका आकड्यावरून निर्णय करीत नाहीत. लघवीतील शर्करा तपासतात. शिवाय रक्तातील फ्रुक्टोसामाइन मोजतात. या पदार्थाच्या प्रमाणावरून मागील सुमारे दोन आठवड्यांतील शर्करेची सरासरी कळते आणि घटकाभराच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

मात्रेचे गणित : चाळीस आणि शंभर

मांजरासाठी आज मुख्यत्वे सावकाश व दीर्घकाळ कार्य करणारी इन्शुलिने वापरली जातात. ग्लार्जिन, प्रोटामिन झिंक आणि मध्यम मुदतीचे लेंटे हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. यांपैकी कोणते वापरावयाचे हे पशुवैद्य ठरवितात. घरातील एखाद्या मधुमेही वडीलधाऱ्यांसाठी आणलेले इन्शुलिन ‘इन्शुलिनच ते’ असे म्हणून मांजराला टोचणे सर्वथा वर्ज्य मानावे. कारण त्याचा वेग, मुदत आणि तीव्रता ही तिन्ही निराळी असू शकतात.

मात्रा किती सूक्ष्म असते, याची कल्पना एका हिशेबाने येईल. चार किलोग्रॅम वजनाच्या मांजराला प्रारंभी बहुधा दर बारा तासांनी सुमारे एक युनिट दिले जाते. एका मिलिलिटरमध्ये १०० युनिटे असलेल्या इन्शुलिनचे एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर. पाण्याचा साधा थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर ही मात्रा त्या थेंबाचा पाचवा हिस्सा झाली. एवढ्याशा मात्रेत किंचित चूक झाली तरी तिचे प्रमाण मोठे ठरते.

येथेच भारतातील वाचकांनी विशेष सावध राहिले पाहिजे. आपल्याकडे औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या मानवी इन्शुलिनच्या कुप्या बहुतांशी मिलिलिटरला ४० युनिटांच्या असतात. ग्लार्जिनसारखी इन्शुलिने आणि पेनमधील नळ्या १०० युनिटांच्या असतात. दोहोंसाठी सिरिंजा वेगवेगळ्या असतात. साधारणतः ४० च्या सिरिंजेचे टोपण तांबडे आणि १०० च्या सिरिंजेचे नारिंगी असते. तथापि केवळ रंगावर न विसंबता सिरिंजेवर छापलेला आकडा वाचावा. ४० च्या सिरिंजेवरील एका युनिटाची खूण म्हणजे ०.०२५ मिलिलिटर. तीत जर १०० चे इन्शुलिन एका खुणेपर्यंत भरले, तर मांजराला एक नव्हे, अडीच युनिटे जातील. उलट १०० च्या सिरिंजेत ४० चे इन्शुलिन एका खुणेपर्यंत भरले, तर केवळ ०.४ युनिट जाईल. पहिल्या चुकीने मांजराच्या प्राणावर बेतेल. दुसरीने रोग आटोक्यात येणार नाही आणि त्याचे कारणही कोणास उमगणार नाही. सबब कुपीवरील आकडा आणि सिरिंजेवरील आकडा एकच आहे ना, हे प्रत्येक नवी खरेदी करताना दुकानातच पडताळून पाहावे. दुकानदाराने ‘एकच आहे हो’ असे सांगितले, तरी हा नियम मोडू नये.

साठवण आणि टोचण्याची रीत

न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियस तपमानात, म्हणजे शीतकपाटाच्या मधल्या फळीवर ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात ती कदापि ठेवू नये. एकदा गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात अनेक ठिकाणी पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा वेळी वीज दीर्घकाळ गेल्यास कुपी पाणी न शिरेल अशा डबीत घालून ती ओल्या मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवावी. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने ही डबीही बाहेरच्या हवेपेक्षा थंड राहते. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसले तर टाकून द्यावे आणि त्यात दुसरे काहीही मिसळू नये. गढूळ जातीच्या इन्शुलिनांपैकी काही तळहातांमध्ये हळूच फिरवून, तर काही चांगली हलवून एकजीव करावी लागतात. कुपीबरोबरच्या पत्रकात जे सांगितले असेल तेच करावे.

टोचण्यापूर्वी मांजराने अन्न खाल्ले आहे, हे डोळ्यांनी पाहावे. आधी अन्न, मग सुई, हा क्रम सोडू नये. मग सिरिंजेत ठरलेली मात्रा घेऊन हवेचे बुडबुडे काढून टाकावेत; कारण मात्रा इतकी अल्प असताना लहानसा बुडबुडाही तिचा मोठा भाग अडवितो. छातीच्या अथवा पोटाच्या बाजूची सैल कातडी चिमटीत उचलली की खाली तंबूसारखी पोकळी तयार होते. तीत सुई सरळ खुपसून दट्ट्या सावकाश दाबावा. कातडीच्या दोन्ही पदरांतून सुई आरपार गेल्यास औषध केसांवर सांडते. म्हणून बोटाला ओल लागते का, औषधाचा वास येतो का, हे नंतर पाहावे. जागा रोज थोडी बदलावी. सुई प्रत्येक वेळी नवी घ्यावी आणि वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बंद बाटलीत जमवून ती बाटली दवाखान्यात द्यावी. केराच्या टोपलीत टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात शिरते.

औषध सांडले की आत गेले याविषयी शंका आली, तर दुसऱ्यांदा टोचू नये. या पुस्तिकेतील एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे असेल, तर ते हे ठेवावे. एखादी मात्रा चुकल्याने शर्करा अर्धा दिवस वर राहील आणि पुढील मात्रेने ती सुधारेल. एकाच वेळी दुप्पट गेलेली मात्रा मात्र काही तासांत प्राण घेऊ शकते. सकाळी एकाने टोचले आणि ते ठाऊक नसल्यामुळे दुसऱ्याने पुन्हा टोचले, हाही प्रकार एकत्र कुटुंबात सहज घडण्याजोगा आहे. त्यासाठी शीतकपाटाशेजारी एक वही दोरीने बांधून ठेवावी. टोचणाऱ्याने वेळ, मात्रा आणि आपले नाव त्याच क्षणी लिहावे, आणि वही पाहिल्यावाचून कोणीही सुई हाती घेऊ नये.

मांजराने जेवण नाकारले, अथवा ते ओकून टाकले, तर काय करावयाचे हे उपचारांच्या पहिल्याच दिवशी पशुवैद्यांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. अशा वेळी पूर्ण मात्रा सहसा देत नाहीत.

घरी रक्तशर्करा मोजणे

भयाने शर्करा चढते, हे वर सांगितलेच आहे. म्हणून मांजराच्या शर्करेचे खरे मोजमाप त्याच्या नेहमीच्या जागी, ओळखीच्या माणसांमध्येच होते. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके कानाला अर्धा मिनिट लावले, म्हणजे तिच्यात रक्ताचा ओघ वाढतो. कानामागे कापसाचा बोळा धरून कडेवर बारीक टोचा मारावा, येणारा थेंब मोजपट्टीला लावावा आणि मग कापूस मिनिटभर दाबून धरावा. यानंतर मांजराला आवडता मांसाचा तुकडा द्यावा. थोड्याच दिवसांत पुष्कळशी मांजरे मोजणीची पेटी पाहून आपणहून जवळ येतात.

यंत्राबाबतही एक गोष्ट जाणून घ्यावी. माणसाच्या रक्तातील शर्करा रक्तद्रव आणि तांबड्या पेशी या दोहोंत विभागलेली असते. मांजराच्या रक्तात ती जवळजवळ सर्व रक्तद्रवात असते. त्यामुळे माणसासाठी बनविलेले यंत्र मांजराची शर्करा बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखविते. असे यंत्र वापरण्यास हरकत नाही; परंतु ते वारंवार बदलू नये, आणि कोणत्या यंत्राचे आकडे आहेत हे पशुवैद्यांना अवश्य सांगावे. अलीकडे कातडीवर चिकटवून चौदा दिवसांपर्यंत सतत मोजणी करणारे संवेदकही मांजरांवर वापरले जातात. ते कातडीखालील द्रवातील शर्करा मोजतात आणि तिच्यातील बदल रक्तातील बदलांच्या थोडे मागून येतात. म्हणून फार खाली गेलेला आकडा दिसल्यास रक्ताच्या थेंबाने त्याची खातरजमा करावी. मांजर अस्वस्थ दिसत असेल, तर मात्र मोजणीसाठी खोळंबू नये.

दोन दिवसांचे आकडे

एकाच वेळी घेतलेला एक आकडा फारसे काही सांगत नाही. इन्शुलिन दिल्यापासून पुढच्या मात्रेपर्यंत दर दोन तासांनी शर्करा मोजली, म्हणजे तिचा चढउतार समजतो. समजुतीसाठी दोन कल्पित मांजरांचे आकडे घेऊ. दोघांनाही सकाळी ८ वाजता इन्शुलिन दिले आहे.

पहिले मांजर : सकाळी ८ वाजता २९०, १० वाजता २३०, दुपारी १२ वाजता १६०, २ वाजता ११५, ४ वाजता १३०, संध्याकाळी ६ वाजता १९०, रात्री ८ वाजता २६०.

दुसरे मांजर : सकाळी ८ वाजता ३६०, १० वाजता १७०, दुपारी १२ वाजता ५५, २ वाजता १९०, ४ वाजता ३३०, संध्याकाळी ६ वाजता ४००, रात्री ८ वाजता ३९०.

पहिल्या मांजराची शर्करा हलकेहलके उतरली, सहा तासांनी ११५ या नीचांकास पोहोचली आणि तशीच सावकाश वर आली. नीचांक ८० ते १५० यांच्या दरम्यान असावा आणि दिवसातील बहुतेक आकडे ३०० च्या आत असावेत, अशी सामान्य अपेक्षा असते. ती येथे पुरी झाली आहे. सकाळी २९० पाहून मात्रा वाढविण्याचा मोह झाला असता, तर दुपारचा नीचांक धोक्याच्या प्रदेशात गेला असता.

दुसऱ्या मांजराचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. केवळ सकाळ-संध्याकाळ मोजणाऱ्याला ३६० आणि ३९० हेच आकडे दिसले असते आणि ‘इन्शुलिन अपुरे पडते आहे’ असा निष्कर्ष त्याने काढला असता. प्रत्यक्षात दुपारी शर्करा ५५ पर्यंत कोसळली आहे. शर्करा अशी झपाट्याने उतरली, म्हणजे शरीर स्वसंरक्षणार्थ यकृतातील साठा मोकळा करते आणि शर्करा मुळापेक्षाही वर उसळते. प्रत्येक वेळी असे घडतेच असे नाही. पण घडले तर रात्रीचा चढा आकडा कमी मात्रेचा नसून अधिक मात्रेचा परिणाम असतो. या मांजराची मात्रा घटवावयास हवी. ती वाढविली, तर दुसऱ्या दिवशीची दुपार कदाचित त्याची अखेरची ठरेल. म्हणून मात्रेतील बदल पशुवैद्यांच्या संमतीने, अर्ध्या-एका युनिटाच्या पायरीने, आणि साधारणतः पाच ते सात दिवसांच्या अंतराने करतात. शर्करा फार उतरली, तर मात्र मात्रा कमी करण्यासाठी थांबत नाहीत. त्याच दिवशी पशुवैद्यांना कळवितात.

शर्करा फार उतरल्यास

रक्तशर्करा ६० च्या खाली जाणे धोक्याचे होय. मेंदूला ग्लुकोजचा अखंड पुरवठा लागतो आणि तो खुंटला की लक्षणे झपाट्याने उमटतात. मांजर एकाएकी अन्नासाठी कासावीस होते, अथवा कोपऱ्यात शून्य नजरेने बसते. चालताना झोकांड्या खाते, थरथरते. पुढे आचके येतात आणि ते बेशुद्ध पडते.

मांजर शुद्धीवर असून खात असेल, तर त्याला तत्काळ नेहमीचे अन्न द्यावे. खात नसेल, तर ग्लुकोजचे दाट पाणी अथवा मध बोटाने त्याच्या हिरड्यांवर चोळावा. बेशुद्ध मांजराच्या घशात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत शिरते; आणि आचके चालू असताना तोंडात बोट घालू नये. थोडी हुशारी आली तरी काम संपले असे मानू नये. टोचलेले इन्शुलिन अजून कार्य करीत असते आणि मधाचा प्रभाव लवकर ओसरतो. म्हणून मांजर सावरले तरी लगेच पशुवैद्यांशी संपर्क साधावा, आणि आचके वा बेशुद्धी असेल तर हिरड्यांवर मध चोळीत चोळीतच दवाखान्याची वाट धरावी. ग्लुकोजची पुडी आणि जवळच्या, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक वहीलाच जोडून ठेवावा.

आहार

मांजर जन्मतःच मांसाहारी आहे. त्याच्या यकृतात शर्करेचा मोठा भार त्वरित उचलणारे ग्लुकोकायनेज हे विकर जवळपास नसतेच आणि त्याच्या लाळेत पिष्ट पचविणारे विकर नसते. उंदीर आणि पाखरे खाऊन जगणाऱ्या प्राण्याला त्यांची गरजही पडली नाही. आपल्या घरांतून मात्र मांजरापुढे परंपरेने दूध-भात किंवा दुधात कुस्करलेली पोळी ठेवण्यात येते. प्रेम कितीही असले, तरी मधुमेही मांजराला हे अन्न बाधक होय. भात-पोळीत पिष्ट भरपूर असते आणि दुधातही शर्करा असते.

बाजारी अन्नातील पिष्टमय पदार्थांचा आकडा डब्यावर बहुधा छापलेला नसतो. पण तो काढता येतो. प्रथिने, स्निग्धांश, ओलावा, तंतू आणि राख यांच्या टक्क्यांची बेरीज शंभरातून वजा करावी. उदाहरणार्थ, एखाद्या कोरड्या अन्नात हे आकडे अनुक्रमे ३२, १२, १०, ४ आणि ८ असतील, तर बेरीज ६६ होते आणि उरलेले ३४ टक्के पिष्टमय पदार्थ ठरतात. ओल्या अन्नात ते १०, ५, ८२, १ आणि १.५ असतील, तर अवघा अर्धा टक्का उरतो. मधुमेही मांजराला पिष्टमय पदार्थांपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या सुमारे १२ टक्क्यांहून कमी असावी, असे सामान्यतः सांगतात. वरील ओले अन्न या कसोटीस सहज उतरते. कोरड्या अन्नात हा वाटा एक-तृतीयांशाहूनही अधिक भरतो. मात्र मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा विकार जोडीला असल्यास आहार पशुवैद्यांनीच ठरवावा. नुसती मासळी अथवा नुसते उकडलेले मांस हाही पूर्ण आहार नव्हे. त्याने टॉरिन, कॅल्शियम इत्यादी आवश्यक घटकांची उणीव पडू शकते.

येथे एक इशारा देणे प्राप्त आहे. अन्नातील पिष्ट घटले की इन्शुलिनची गरजही काही दिवसांतच घटते. इन्शुलिनची मात्रा पूर्वीचीच ठेवून कोणी अन्न एकाएकी बदलले, तर शर्करा धोक्याच्या पातळीखाली जाईल. म्हणून आहारातील बदल आधी कळवून, सावकाश आणि मोजणी चालू ठेवूनच करावा. लठ्ठ मांजराचे वजन उतरविणे हितकर असले, तरी त्याला उपाशी ठेवू नये. काही दिवसांच्या उपवासानेही मांजराच्या यकृतात चरबी साचून घातक विकार होतो. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते दोन टक्के एवढीच घट योग्य होय.

तातडीचे दुसरे कारण

इन्शुलिनअभावी पेशी उपाशी राहिल्या की शरीर चरबी जाळू लागते आणि तिच्यातून किटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ निर्माण होतात. ते साचल्यास मांजर अन्न सोडते, ओकाऱ्या काढते, मलूल होऊन पडून राहते, आणि त्याच्या श्वासाला नखांचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा वास येतो. लघवीत बुडवावयाच्या पट्टीने किटोन घरीही ओळखता येतात. हे दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. शिरेतून द्यावयाचे द्रव आणि दवाखान्यातील देखरेख यांवाचून याला इलाज नाही. हिरड्यांचा किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ही अवस्था ओढवून आणू शकतो. म्हणून नियंत्रण अचानक बिघडल्यास मात्रेबरोबरच दातही तपासून घ्यावेत.

गोळ्या आणि रोगाची माघार

सुई टाळता येईल का, असा प्रश्न साहजिकपणे विचारला जातो. शर्करा लघवीवाटे बाहेर टाकणारी दोन औषधे, बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी (डिसेंबर २०२२) आणि व्हेलाग्लिफ्लोझिनचे द्रव (ऑगस्ट २०२३), अमेरिकेत मांजरांसाठी मान्य झाली आहेत. ती तोंडाने देता येतात. परंतु ज्या मांजराला पूर्वी इन्शुलिन दिलेले नाही आणि जे अन्यथा निरोगी आहे, अशांसाठीच त्यांची शिफारस आहे. शिवाय त्यांच्या योगाने रक्तशर्करा ठीक दिसत असतानाही किटोनांची बाधा होऊ शकते. तेव्हा चालू इन्शुलिन बंद करून ही औषधे स्वतःच्या विचाराने सुरू करणे धोक्याचे होय.

दुसरीकडे, मांजराच्या मधुमेहात एक आशादायक गोष्ट आहे. निदान लवकर झाले, शर्करा प्रारंभीच आटोक्यात आणली आणि पिष्ट कमी असलेला आहार दिला, तर अनेक मांजरांच्या स्वादुपिंडास विश्रांती मिळून ते पुन्हा कार्य करू लागते आणि इन्शुलिनची गरज उरत नाही. इन्शुलिनवाचून किमान चार आठवडे शर्करा स्वाभाविक राहिली, म्हणजे रोगाने माघार घेतली असे म्हणतात. ही माघार कायमचीच असेल असे नाही. म्हणून आहार तोच ठेवावा, शर्करा अधूनमधून मोजावी आणि स्टिरॉइड औषधांपासून मांजराला शक्य तितके दूर ठेवावे.

उपसंहार

मधुमेही मांजराच्या घरी दिवसाची आखणी बदलते, हे खरे. सकाळ-संध्याकाळच्या दोन वेळा पाळाव्या लागतात. गावाला जाताना सुई टोचू शकणारा कोणीतरी मागे ठेवावा लागतो. खर्चही सोसावा लागतो. हा भार पत्करण्यापूर्वी त्याचा स्पष्ट विचार करावा आणि पशुवैद्यांशी मोकळेपणाने बोलावे. परंतु पत्करल्यानंतर त्यात धाडसाला वाव नाही, नियमितपणाला आहे. एकाच मापाची कुपी आणि सिरिंज, आधी अन्न आणि मग सुई, शंका आल्यास दुसरी मात्रा नाही, आणि प्रत्येक गोष्ट वहीत, या चार नियमांत घरगुती उपचारांचे सार आले. टोरांटोच्या प्रयोगशाळेत माणसासाठी शोधलेले औषध आज घराच्या ओसरीवरील मुक्या प्राण्यापर्यंत पोहोचले आहे. त्याचा लाभ त्या प्राण्याला किती मिळेल, हे ते देणाऱ्या हाताच्या काटेकोरपणावर अवलंबून आहे.